लांग द शा: चॉकलेटात बुडवलेली पातळ कुरकुरीत फ्रेंच बिस्किटं घरच्या ओव्हनमध्ये

फ्रान्समध्ये आईस्क्रीमच्या वाटीत खोचलेलं नाहीतर चॉकलेट मूसच्या शेजारी बशीत ठेवलेलं एक लांबट पातळ बिस्किट असतं, कडेला तपकिरी, मधे फिकट, दोन्ही टोकं गोल, ते लांग द शा. तिकडे दुकानात पाकिटात मिळतं आणि घरीही करतात, कारण क्रेम ब्रुले किंवा कस्टर्डसारखं काही केलं की बलक संपतात आणि अंड्याचं पांढरं उरतं, मग ते संपवायला लांग द शा, त्वील (वाकवलेलं पातळ बिस्किट) नाहीतर फिनान्सिए (बदामाचा छोटा केक). म्हणजे मुळात हा उरलंसुरलं सत्कारणी लावायचा प्रकार, फार थाटाचा नाही. थाट केला तो जपान्यांनी. होक्काइदोचं शिरोई कोइबितो १९७६ पासून मिळतंय, दोन चौकोनी लांग द शा आणि मधे पांढऱ्या चॉकलेटची चपटी वडी, जपानहून येणारे लोक डबेच्या डबे घेऊन येतात. आपण साधं करू, लांबट आणि अर्धं डार्क चॉकलेटात बुडवलेलं.

साहित्य मुख्य चारच, आणि चारही सारख्या वजनाचं. हेच वाचून लोकांना वाटतं की अरे मग सोपंच आहे, एक वाटी हे, एक वाटी ते, आणि तिथेच गंडतं. सारखं वजन म्हणजे सारखी वाटी नव्हे. चाळलेला मैदा आणि दाबून भरलेला मैदा यातच वाटीमागे वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, बटर तर त्याहून कितीतरी जड. हे बिस्किट इतकं पातळ असतं की चूक लपायला जागाच नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आता फार महाग राहिलेला नाही, तो नसेल तर सरळ नानकटाई करा, ती वाटीच्या मापाला माफ करते.

बटर १०० ग्रॅम, शक्यतो बिनमिठाचं
पिठीसाखर १०० ग्रॅम
अंड्याचं पांढरं १०० ग्रॅम (आपल्याकडच्या अंड्यांची तीन ते चार लागतात, मोजूनच घ्या)
मैदा १०० ग्रॅम
व्हॅनिला इसेन्स अर्धा चमचा, मीठ चिमूटभर
बुडवायला डार्क चॉकलेट २०० ग्रॅम

एवढ्यात चाळीस-पन्नास बिस्किटं होतात. चॉकलेट सगळं लागत नाही, पण कमी घेतलं तर ग्लासात खोलीच येत नाही आणि शेवटची बिस्किटं वाकडी करून बुडवावी लागतात, उरलेलं काय, दुधात घालून पिता येतं.

आता एकेक बघू. बटर मऊ हवं, पातळ नको. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे पण बोट तेलकट व्हायला नको. थंडीत त्याला बराच वेळ लागतो, मे महिन्यात मात्र फ्रीजमधून काढून बाकीचं सामान काढेपर्यंत ते तयार असतं आणि तुम्ही फोनवर बोलत बसलात तर वितळलेलं असतं. वितळलेल्या बटरचं पीठ ओव्हनमध्ये नको तेवढं पसरतं, कडा जाळीदार होतात आणि खाताना तुपकट लागतं. घरात फक्त मिठाचं पिवळं बटर असेल तरी चालेल, वरून मीठ घालू नका एवढंच. घरचं लोणी वापरायचं असेल तर थंड पाण्यात दोन-तीनदा धुवून पाणी नीट निथळून घ्या, ताकाचा अंश राहिला की वास वेगळा येतो आणि ओलावा जास्त म्हणून भाजायला वेळही जास्त. तूप नको. नानकटाईला तूप लागतं कारण ती खुसखुशीत हवी असते, तोंडात विरघळणारी, इथे आपल्याला कुरकुरीत हवंय, कट्कन तुटणारं, शिवाय बटरमधल्या दुधाच्या अंशामुळे कडेला जो रंग आणि वास येतो तो तुपात मिळत नाही.

साखर बारीक पिठीच हवी. घरी मिक्सरला काढत असाल तर बारीक चाळणीने दोनदा चाळा, कणी राहिली की बिस्किट जास्त पसरतं आणि वर ठिपके दिसतात. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लॉवर असतं, त्याने काही बिघडत नाही. आणि कृपा करून साखर कमी करू नका, मला माहितीये आपल्याकडे कुठलीही बेकिंगची रेसिपी वाचली की पहिला विचार हाच येतो. इथे साखर फक्त गोडीसाठी नाहीये, कुरकुरीतपणा तिच्यामुळेच येतो, ओव्हनमध्ये ती विरघळते आणि गार होताना कडक होऊन बसते. सत्तर ग्रॅमवर आणलीत तर पातळ केक मिळेल. गोड कमी हवं असेल तर चॉकलेट सत्तर टक्क्यांचं घ्या.

पांढरं रूम टेंपरेचरला हवं, आणि ते फेटायचं नाही. केकच्या सवयीने हात लगेच बीटरकडे जातो, पण केकमध्ये आपल्याला हवा भरायची असते, इथे हवा हा शत्रू आहे. पिठात हवा गेली की ओव्हनमध्ये बिस्किट फुगतं, मग बसतं, वर बुडबुडे येतात आणि कडा वेड्यावाकड्या होतात. म्हणून बटर आणि पिठीसाखर साध्या विस्कने किंवा लाकडी चमच्याने गुळगुळीत होईपर्यंत एकत्र करायचं, पांढरं शुभ्र हलकं होईपर्यंत नाही. त्यात मीठ, व्हॅनिला. मग पांढरं चार-पाच वेळा थोडं थोडं घालत प्रत्येक वेळी मिसळायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ते फाटल्यासारखं दिसायला लागतं, नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या, घाबरायचं कारण नाही, पांढरं गार असलं की हमखास होतं, वाडगं कोमट पाण्यावर पाच-दहा सेकंद धरा नाहीतर मोजलेल्यातलाच एक चमचा मैदा घाला, जुळून येतं. शेवटी मैदा चाळून घालायचा आणि स्पॅचुलाने खालून वर असं हलक्या हाताने मिसळायचं, मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. जास्त घोटलं तर मैद्याला चिकटपणा येतो आणि बिस्किट चिवट होतं. पीठ धिरड्याच्या पिठाहून बरंच घट्ट आणि मेदूवड्याच्या पिठाहून सैल असायला हवं. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, फ्रेंच रेसिपीत ही पायरी असतेच असं नाही पण आपल्या हवेत ठेवलेलं बरं, ट्रेवर घातल्याघातल्या ते वाहायला लागत नाही. दोन दिवससुद्धा राहतं, फक्त वापरायच्या आधी थोडं मऊ होऊ द्यायचं.

ट्रेचं बोलू, कारण निम्मी रडारड इथे असते. आपल्याकडे दुकानात बटर पेपर मागितला की दोन वेगळ्या गोष्टी मिळू शकतात. एक तो पातळ, अर्धपारदर्शक, सँडविच गुंडाळायचा, त्याच्यावर सिलिकॉनचा थर नसतो, बिस्किट त्याला घट्ट चिकटतं आणि कडेचा कागद ओव्हनमध्ये काळा पडतो. दुसरा बेकिंग पेपर किंवा पार्चमेंट पेपर, तो हवा. पाकिटावर ओव्हनचं तापमान छापलंय का बघायचं, छापलं असेल तर घ्या. सिलिकॉन मॅटवर चिकटायचा प्रश्नच नाही पण खालून रंग उशिरा येतो, एखादं मिनिट जास्त द्या. आणि यातलं काहीच नसेल तर जुनी पद्धत, ॲल्युमिनियमच्या ट्रेला बटरचा अगदी पातळ हात, वर मैदा भुरभुरवून जास्तीचा झटकून टाकायचा, उत्तम निघतात.

पायपिंग बॅगला ८ मिलिमीटरचं साधं गोल नोझल लावा. नोझल नसेल तर दुधाची जाड पिशवी स्वच्छ धुवून, पूर्ण कोरडी करून, कोपरा कापून वापरा, मेंदीचा कोन धरता येणाऱ्यांना तर हे डाव्या हाताचं काम आहे. पेन्सिलीपेक्षा किंचित जाड, सहा-सात सेंटिमीटर लांब अशा रेघा काढायच्या, सुरुवातीला आणि शेवटी कणभर जास्त दाबलं की टोकं आपोआप गोल येतात. दोन रेघांत चार-पाच सेंटिमीटर जागा सोडाच. कच्च्या रेघा बघून वाटतं की अजून दोन ओळी सहज बसतील, बसतात, पण भाजून एकच अखंड बिस्किट मिळतं. घरच्या ओटीजीच्या ट्रेवर एका वेळी बारा-पंधरा, त्याहून जास्त नको. मग ट्रे ओट्यावर एकदा हलकेच आपटायचा, शेपट्या बसतात, बुडबुडे निघतात.

ओटीजी १८० अंशावर पंधरा मिनिटं आधी तापवून ठेवा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात. कन्व्हेक्शनचा पंखा असेल तर १६५ ठेवा आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांखाली पिठाचा ठिपका लावून तो चिकटवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने कागद उडून बिस्किटांवर येतो. वेळ आठ ते दहा मिनिटं, पण घड्याळावर जाऊ नका. सहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा कारण बऱ्याच ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, आणि सातव्या मिनिटापासून तिथेच उभं राहा. कडेला तीन-चार मिलिमीटरची तपकिरी किनार आणि मधे फिकट पिवळं, ही खूण. सगळं पांढरं असताना काढलं तर मऊ राहणार, सगळं तपकिरी झालं तर कडू. चॉकलेटात बुडवायची असतील तर मी किनार थोडी जास्त गडद होऊ देते, चॉकलेटच्या कडवटपणापुढे फिकट बिस्किटाची चवच लागत नाही.

बाहेर काढल्यावर ती मऊच असतात, कच्ची समजून परत आत ढकलू नका. अर्धा मिनिट थांबून पातळ उलथन्याने किंवा सुरीच्या पात्याने उचलून जाळीवर ठेवा. ट्रेवरच राहू दिली तर कडक होतात आणि उचलताना मोडतात. याच अर्ध्या मिनिटात गरम बिस्किट लाटण्यावर ठेवलं तर ते त्वीलसारखं वाकतं, दिसतं छान, पण वाकलेलं बुडवायला कटकटीचं. दुसरी खेप घालण्याआधी ट्रे पूर्ण गार करा, नळाखाली धरा, पुसा. गरम ट्रेवर रेघ काढलीत की बटर तिथेच वितळायला लागतं.

आता परीक्षा. पूर्ण गार झालेलं एक बिस्किट मोडून बघा. आवाज करून तुटलं तर पुढे जा. वाकलं, किंवा वाकून मग तुटलं, तर सगळी परत १५० अंशावर तीन-चार मिनिटं. हे टाळू नका. मऊ बिस्किट चॉकलेटात बुडवलं तर आतला ओलावा आतच कोंडला जातो, आणि बुडवल्यावर ते ओव्हनमध्ये घालता येत नाही, म्हणजे परतीचा रस्ता बंद.

चॉकलेटचं प्रकरण मोठं आहे. आधी पाकिटावरचे घटक वाचा. कोको बटर लिहिलं असेल आणि दुसरं वनस्पती तेल नसेल तर ते खरं चॉकलेट, हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर कंपाउंड. कंपाउंड नुसतं वितळवायचं, बुडवायचं, आपोआप सेट होतं, चमकही ठीक येते, फक्त खाताना टाळूला मेणासारखा थर लागतो. खऱ्या चॉकलेटची चव वेगळीच, पण त्याला टेंपर करावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे, थंडीत किंवा एसी असेल तर खरं चॉकलेट, मे महिन्यात विनाएसी स्वयंपाकघरात कंपाउंड, आणि त्यात लाजायचं काही नाही. बत्तीस-तेहतीस डिग्रीच्या खोलीत टेंपर केलेलं चॉकलेट सेटच होणार नाही, तुम्ही पॅरिसहून आणलेलं असलं तरी.

टेंपरिंग म्हणजे काय ते एकदा समजून घेतलं की भीती जाते. कोको बटर गार होताना सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवाय, तोच चमकतो, कडक होतो, तुटताना आवाज करतो आणि साधारण ३४ अंशाला म्हणजे तोंडात गेल्यावर वितळतो. बाकीचे प्रकार मिसळले की चॉकलेट मळकट दिसतं, पांढरट रेघा येतात आणि हात लावला की बोटाला लागतं. तर सगळे स्फटिक आधी वितळवून टाकायचे आणि मग हवे तेच तयार होतील असं गार करायचं, एवढाच खेळ.

घरी करायला सोपी पद्धत अशी. २०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरा, त्यातलं पाऊणपट डबल बॉयलरवर ठेवा, पाणी मंद गरम, उकळतं नको, आणि वाडग्याच्या बुडाला पाणी लागायला नको. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशापर्यंत न्या, मग खाली उतरवा आणि वाडग्याचं बूड लगेच पुसा, तिथला एक थेंब चॉकलेटात पडला तर सगळं घट्ट गोळा होऊन बसतं आणि मग त्याचा गरम दूध घालून सॉसच होतो, बुडवायला उपयोग नाही. आता बाजूला ठेवलेलं चिरलेलं चॉकलेट थोडं थोडं घालत ढवळत राहा, त्यात चांगले स्फटिक आधीच असतात, ते बाकीच्यांना वळण लावतात. ढवळत ढवळत २८ पर्यंत उतरू द्या, मग गरम पाण्यावर काही सेकंदच धरून ३१-३२ वर आणा. मिल्क चॉकलेट असेल तर शेवटचा आकडा २९-३० आणि पांढऱ्याला २८-२९. थर्मामीटर घ्याच, पण नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावून बघायचा, किंचित गार लागला पाहिजे. मग सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवा, एसीच्या खोलीत पाच मिनिटांच्या आत चमकदार होऊन घट्ट झालं तर जमलं, ओलंच राहिलं किंवा रेघा आल्या तर पुन्हा ४५ पासून.

बुडवायला उथळ वाडगं नको, स्टीलचा अरुंद छोटा ग्लास किंवा फुलपात्र घ्या, पूर्ण कोरडं. बिस्किट अर्ध्यापर्यंत तिरकं बुडवायचं, वर काढून दोनदा झटकायचं, खालची बाजू ग्लासाच्या काठाला हळूच घासायची आणि बेकिंग पेपरवर ठेवायचं. ते घासणं विसरलात तर सेट झाल्यावर बिस्किटाभोवती चॉकलेटचं चपटं डबकं तयार होतं. मधेच चॉकलेट घट्ट व्हायला लागतं, तेव्हा ग्लासाला बाहेरून हेअर ड्रायरची गरम हवा काही सेकंद द्या, पण ३२ च्या वर गेलं की टेंपर मोडलं. वरून काही घालायचं असेल तर चॉकलेट ओलं असतानाच, बदामाचे भाजलेले तुकडे किंवा दोन-चार कण जाडं मीठ. वाळलेल्या गुलाबपाकळ्या फोटोत बऱ्या दिसतात, दाताखाली कागद. खोली गरम असेल तर सेट करायला फ्रीजमध्ये दहा मिनिटं चालतील, जास्त नको, बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं आणि साखर वर येऊन चॉकलेट पांढुरकं, खरखरीत दिसतं.

टिकण्याबद्दल. हे बिस्किट हवेतला ओलावा भराभर ओढतं. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये उघडं राहिलं तर तासाभरात मऊ पडतं. चॉकलेट लावलेला भाग वाचतो कारण चरबीचा थर पाण्याला आत येऊ देत नाही, उघडा अर्धा भाग मात्र नरमतो. म्हणून पावसाळ्यात दोनच मार्ग, एकतर अख्खं बिस्किट बुडवा, नाहीतर कोरडी बिस्किटं करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि द्यायच्या दिवशीच बुडवा. कोरडी बिस्किटं नरम पडली तरी १५० अंशाला चार-पाच मिनिटांत परत कुरकुरीत होतात. मला विचाराल तर थंडीतही हेच करा, एका दिवशी बिस्किटं, दुसऱ्या दिवशी चॉकलेट, ओव्हनने तापलेल्या स्वयंपाकघरात टेंपरिंग करण्यात काही अर्थ नसतो. नीट कोरडी झालेली आठवडाभर आरामात राहतात, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

एगलेस होईल का, हे विचारणारे असणारच. पांढऱ्याऐवजी नुसतं दूध घातलंत तर बिस्किट होतं पण ते हे नव्हे, मऊ आणि जाड होतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे काबुली चणे शिजवलेलं पाणी. जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकाने २०१४ मध्ये दाखवलं की डबाबंद कडधान्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, तेव्हापासून व्हीगन बेकिंगवाले ते सगळीकडे वापरतात. बिनमिठाचं घ्या, आटवून सैलसर चिकट करा, गार करा आणि १०० ग्रॅम मोजा. बिस्किटं जास्त नाजूक होतात, उचलताना जपून.

संत्र्याची किसलेली साल पिठात घातली तर डार्क चॉकलेटशी फार सुंदर जमतं. वेलची घालणारे घालतीलच, घाला बापडे, पण चिमूटभरच. दोन बिस्किटांच्या मधे गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मऊ मिश्रण, भरायचा मोह होतो, पण गनाशमध्ये क्रीमचं पाणी असतं, काही तासांत दोन्ही बिस्किटं नरम. मधे काही भरायचंच तर नुसतं टेंपर केलेलं चॉकलेट भरा. आणि कुणाला द्यायची असतील तर आडवी रचू नका, डब्यात उभी, एकमेकांना टेकवून घट्ट भरा, वरची मोकळी जागा चुरगळलेल्या बेकिंग पेपरने भरून टाका, मोडत नाहीत. मे महिन्यात कुरियरने मात्र पाठवू नका.